बर्फावरचे शेजारी

(दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशातील संशोधन केंद्रात हिवाळाभर राहणारी माणसे घरापासून हजारो किलोमीटर दूर असतात. अशा एकाकी जागी तेथील पशुपक्षी माणसाला कशी सोबत करतात, ते या पाठात सांगितले आहे.)

पृथ्वीच्या नकाशात अगदी तळाशी एक पांढरा पट्टा दाखवलेला असतो. तो अंटार्क्टिका खंड. हा खंड भारताच्या चौपटीहून मोठा आहे. तेथे शेत नाही, झाड नाही, बाजार नाही. तेथला मूळ रहिवासी म्हणता येईल असा एकही माणूस नाही. मात्र निरनिराळ्या देशांनी तेथे संशोधन केंद्रे उभारली आहेत. उन्हाळ्यात या केंद्रांमध्ये चार-पाच हजार माणसे असतात. हिवाळ्यात जेमतेम हजारभर उरतात.

तेथले ऋतू आपल्या उलट असतात, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी पडते, तेव्हा तेथे उन्हाळा असतो. आपल्याकडे जून-जुलैत पाऊस कोसळत असतो, तेव्हा तेथे कडक हिवाळा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेवटचे जहाज परत निघते. ते दिसेनासे झाले, की मागे राहिलेल्यांना आठ-नऊ महिने कोणी भेटायला येणार नसते. समुद्र गोठून जातो. कोणी आजारी पडले, तर केंद्रावर जो डॉक्टर असेल त्यानेच उपचार करायचे. घरी बहिणीचे लग्न असो की वडिलांचे आजारपण असो, जाता येत नाही.

थंडीचा त्रास होतोच. पण थंडीवर लोकरीचे कपडे, शेगडी, गरम अन्न असे उपाय तरी असतात. एकसुरी दिवसांवर उपाय सापडणे फार अवघड. त्याच चार खोल्या, तीच माणसे, त्याच गप्पा. खिडकीतून पाहावे तर जिकडे तिकडे पांढरा रंग. कोणाची झोप उडते, कोणाला काही आठवेनासे होते. एखाद्याने जेवताना चमचा ताटावर आपटला, एवढ्या कारणावरून दोन शहाणी माणसे आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत. अशा वेळी बाहेर एखादा जिवंत प्राणी हलताना दिसला, तर तो केवढा मोठा आधार वाटत असेल!

हा आधार काय असतो, ते पाहण्यासाठी आपण १९५२ सालात जाऊ.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर अडेली लँड नावाचा भाग आहे. १८४० साली द्यूमाँ द्यूर्व्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी तेथे पोहोचला. त्याच्या पत्नीचे नाव अडेल होते. तेच नाव त्याने या किनाऱ्याला दिले. बिचारी अडेल! तिच्या नावाचा हा किनारा जगातील सर्वांत वादळी जागांपैकी एक निघाला. खंडाच्या मध्यावरील उंच बर्फावरून जड, गार हवा उताराने खाली घसरत येते आणि किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत तिचे प्रचंड वाऱ्यात रूपांतर होते. माणसाला उभे राहता येत नाही, इतका त्याचा जोर असतो.

१९५० साली फ्रेंचांनी या किनाऱ्यावर पोर मार्तां नावाचे केंद्र उभारले. ते दोन वर्षे चालले. १९५२ च्या जानेवारीत २३ आणि २४ तारखेच्या मधल्या रात्री त्याला आग लागली. अंटार्क्टिकात माणसे थंडीपेक्षाही आगीला अधिक भितात. हवा अतिशय कोरडी असते आणि आग विझवायला हवे असलेले पाणी गोठलेले असते. पाहता पाहता मुख्य इमारत जळून गेली. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही.

तोत्तान नावाचे नॉर्वेचे एक जहाज त्या वेळी त्याच किनाऱ्यावर आले होते. बहुतेक माणसे त्या जहाजाने परत गेली. सात जण मात्र मागे राहिले. पोर मार्तांपासून सुमारे साठ किलोमीटरवर पॉइंट जिऑलॉजी नावाचा लहान लहान बेटांचा समूह आहे. त्यातील पेट्रेल बेटावर, एका लहानशा घरात, त्यांनी पूर्ण वर्ष काढायचे ठरवले. त्यांचे प्रमुख होते मारिओ मारे. ते रेडिओचे जाणकार होते आणि त्यांना चित्रपट काढण्याचा नाद होता. डॉक्टर होते झाँ रिव्होलिए, तर झाँ प्रेव्हो हे जीवशास्त्रज्ञ होते.

या उजाड बेटावर राहण्यात त्यांना काय मिळणार होते? तेथे शेजार होता. बेटाजवळच्या गोठलेल्या समुद्रावर सम्राट पेंग्विन पक्ष्यांची एक मोठी वसाहत होती. दोन वर्षांपूर्वीच ती फ्रेंच संशोधकांना सापडली होती. त्या काळी तेथे सुमारे सहा हजार जोड्या येत असत. म्हणजे माणसे सात आणि शेजारी बारा हजार!

सम्राट पेंग्विन हा जगातील सर्वांत मोठा पेंग्विन. तो एक मीटरहून उंच असतो. पाठ काळसर, पोट पांढरे, मानेजवळ पिवळ्या-केशरी रंगाची छटा. त्याला उडता येत नाही. बर्फावर तो सावकाश, डुलत डुलत चालतो. कंटाळा आला, की पोटावर आडवा होऊन घसरत जातो. पाण्यात मात्र त्याच्यासारखा चपळ तोच.

या पक्ष्याची सगळी रीतच निराळी आहे. हिवाळा जवळ आला, की अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरचे जवळजवळ सगळे पक्षी निघून जातात. त्याच वेळी, मार्च-एप्रिलमध्ये, सम्राट पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात आणि रांगा करून आपल्या वसाहतीकडे चालू लागतात. त्या सात माणसांच्या दृष्टीने याचा अर्थ काय होता, याची कल्पना करा. जहाज गेले. उन्हाळी पक्षी गेले. दिवस लहान होत चालले. आणि नेमके तेव्हाच हे पाहुणे आले, तेही हिवाळाभर मुक्कामाला!

सम्राट पेंग्विनांविषयी त्यापूर्वी फार थोडी माहिती होती. १९११ च्या जुलैत एडवर्ड विल्सन आणि त्यांचे दोन सोबती भर हिवाळ्यात, काळोखात, दुसऱ्या एका वसाहतीपर्यंत चालत गेले होते. जीव धोक्यात घालून त्यांनी तीन अंडी आणली. पण या पक्ष्यांजवळ सगळा हिवाळा राहून त्यांचा दिनक्रम कोणी पाहिला नव्हता. ते काम या सात जणांनी केले. वादळ नसेल तेव्हा वसाहतीवर जायचे, पक्षी मोजायचे, काय दिसले ते लिहून ठेवायचे. रोज सकाळी उठायला त्यांना एक कारण मिळाले. एकाकी माणसाला याहून मोठे औषध नसते, असे मला वाटते.

मे महिन्यात माद्या अंडी घालू लागल्या. एका मादीचे एकच अंडे. त्याचे वजन सुमारे साडेचारशे ग्रॅम असते. घरटे बांधायला तेथे काडी नाही, माती नाही. मग अंडे ठेवायचे कोठे? मादी ते आपल्या पायांवर घेते आणि लवकरच नराच्या पायांवर सोपवते. ही अदलाबदल फार नाजूक असते. अंडे बर्फावर घरंगळले आणि चटकन उचलता आले नाही, तर आतला जीव गोठून मरतो. नवख्या जोडप्यांची काही अंडी अशी फुकट जातात. नराच्या पोटाखाली कातडीची एक जाड घडी असते. ती तो अंड्यावर पांघरतो. अंडे सोपवून झाले, की मादी भुकेलेली असते. ती समुद्राकडे निघून जाते आणि सुमारे दोन महिने परतत नाही.

आता वसाहतीत उरतात फक्त नर. प्रत्येकाच्या पायांवर एक अंडे. अंडे उबवायला चौसष्ट दिवसांच्या आसपास लागतात. या काळात नर काहीही खात नाही. अंडे घालण्यापूर्वीचे दिवस धरले, तर त्याचा उपवास जवळजवळ चार महिन्यांचा होतो. त्याचे वजन एक तृतीयांशाहून अधिक घटते. सूर्य दुपारी क्षितिजावर जेमतेम डोकावतो आणि लगेच मावळतो. हिमवादळे सुरूच असतात.

हे नर जगतात कसे? ते एकमेकांना खेटून उभे राहतात. मान खाली, चोच पुढच्याच्या पाठीशी, आणि शेकडो पक्ष्यांचा एक घट्ट गोल. फ्रेंच संशोधकांनी या गोलाला ‘कासव’ असे नाव दिले. दुरून पाहिले, तर काळ्या पाठींची ती खरोखरच एक मोठी ढाल दिसते. या गोलाच्या आत कधी कधी आपल्या शरीराइतकी, म्हणजे सदतीस अंशांपर्यंत, ऊब तयार होते. बाहेर मात्र शून्याखाली वीस-तीस अंश!

गोलात कडेला उभे राहणाऱ्याला वारा सोसावा लागतो. पण तो कायम कडेला राहत नाही. सगळा गोल हळूहळू सरकत असतो. पुढे दुसऱ्या एका वसाहतीत कॅमेरे लावून शास्त्रज्ञांनी पाहिले, की दर अर्ध्या-एक मिनिटाने पक्षी पाच-दहा सेंटीमीटरचे एक लहानसे पाऊल टाकतात आणि ते पाऊल लाटेसारखे सगळ्या गोलातून पुढे जाते. कोणी हुकूम देत नाही, कोणी पुढारी नाही. तरी बाहेरचा आत येतो आणि आतला बाहेर जातो. बहुतेक पक्षी आपली जागा राखण्यासाठी भांडतात. सम्राट पेंग्विनाला स्वतःची अशी जागाच नसते. म्हणून तर त्याला दुसऱ्याला इतके बिलगता येते.

आता त्या लहानशा घराकडे पाहा. तेथेही सात नरच होते! त्यांच्याही बायका-मुले, आई-वडील समुद्रापलीकडे होते. त्यांनाही एकमेकांना चिकटून हिवाळा काढायचा होता. फरक इतकाच, की त्यांच्याजवळ अन्नाचे डबे होते आणि पेंग्विनांजवळ नव्हते. वाऱ्यात तासन्‌ तास उभ्या असलेल्या त्या उपाशी पक्ष्यांना पाहून आल्यावर आपल्या घरातली गरम शेगडी माणसाला वेगळी वाटू लागत असणार.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. पेंग्विन माणसाची समजूत घालायला येत नाही. त्याला माणसाचे दुःख कळत नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फावर त्याला खाणारा कोणताही भूचर प्राणी नाही, म्हणून तो माणसाला फारसा घाबरत नाही. जवळ येतो, मान वाकडी करून बघतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. कुत्रा शेपूट हालवतो, मांजर पायाशी घोटाळते. तसे येथे काही होत नाही. तरीही सोबत वाटते. माझ्या मते ती याच कारणाने वाटते. आपल्या चार खोल्यांत जे रुसवे-फुगवे चालले आहेत, त्यांच्याशी काही देणे-घेणे नसलेले एक मोठे जग बाहेर आपले काम करत आहे, हे दिसते. पाहणाऱ्याचे मन थोडा वेळ स्वतःला विसरते.

पण वसाहतीत सगळेच काही सुंदर नव्हते. अंडे गमावलेले काही पक्षी बर्फाचा तुकडाच पायांवर घेऊन उबवत बसतात. पिल्लू गमावलेले पक्षी दुसऱ्याचे पिल्लू पळवायला धावतात. त्या झोंबाझोंबीत ते पिल्लू कधी कधी मरते. असे प्रसंग पाहणाऱ्याला हस्तक्षेप करावासा वाटला, तरी संशोधकाने हात मागे ठेवायचा असतो. ज्या शेजाऱ्यांनी धीर दिला, त्यांनाच संकटात मदत करायची नाही, हे सोपे नसते.

जुलैच्या मध्यापासून पिल्ले अंड्यातून बाहेर येऊ लागतात. आई अजून पोहोचली नसेल, तर उपाशी बाप आपल्या घशातून दुधासारखा एक पदार्थ काढून पिल्लाला भरवतो. तेवढ्यावर पिल्लू काही दिवस तग धरते. मग समुद्राकडून माद्या परत येऊ लागतात. सगळे पक्षी दिसायला सारखे. आपला नर कोठे आहे, हे मादी आवाजावरून ओळखते. ती थांबते, मान खाली घालते, हाक देते आणि कान देऊन ऐकते. हजारो आवाजांतून तिला हव्या असलेल्या एकाच आवाजाचे उत्तर येते. पिल्लू तिच्या पायांवर दिले, की नर समुद्राची वाट धरतो. वाटेत गोठलेल्या समुद्राचा लांबच लांब पट्टा असतो. चार महिन्यांच्या उपवासानंतर तो चालत पार करायचा असतो.

ऑक्टोबरात त्या बेटांवर एकदम वर्दळ सुरू होते. अडेली पेंग्विन येतात. हे आकाराने लहान, काळा कोट आणि पांढरा सदरा घातल्यासारखे दिसणारे, अतिशय भांडखोर. सम्राट पेंग्विन जितका शांत, तितका हा तापट. तो खड्यांचे घरटे करतो आणि चांगला खडा मिळवण्यासाठी शेजाऱ्याच्या घरट्यावर डल्ला मारतो. चोरी करताना पकडला गेला, की पंखांचे फटके खातो. थोड्या वेळाने पुन्हा तेच! हिवाळाभर गंभीर झालेल्या माणसांना हसवण्याचे काम या चोरांनी केले नसेल, तरच नवल. वेडेल सीलच्या माद्या बर्फावर पिल्लांना जन्म देतात. हा सील दातांनी बर्फ खरवडून श्वासासाठी भोके उघडी ठेवतो. बर्फाखालून त्याचे शिट्टीसारखे चमत्कारिक आवाज ऐकू येतात. पांढरेशुभ्र हिम पेट्रेल पक्षी खडकांच्या कपारींत अंडी घालण्याच्या तयारीला लागतात.

१९५३ च्या सुरुवातीला जहाज आले आणि सात माणसे घरी परतली. प्रेव्हो यांनी सम्राट पेंग्विनांवरचा आपला अभ्यास पुढे चालू ठेवला. १९६१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ आजही महत्त्वाचा मानला जातो. डॉ. रिव्होलिए यांनी पेंग्विनांवर पुस्तक लिहिले. पण पुढे त्यांना माणसांच्या अभ्यासाची ओढ लागली. ध्रुवीय प्रदेशात, एकांतात राहणाऱ्या माणसाच्या मनाचे काय होते, हाच त्यांचा विषय झाला. त्या लहान घरातल्या वर्षाचा यात वाटा असावा, असे मानायला जागा आहे.

१९५६ साली त्याच पेट्रेल बेटावर फ्रेंचांचे कायमचे केंद्र सुरू झाले. त्याला द्यूमाँ द्यूर्व्हिलचे नाव देण्यात आले. सम्राट पेंग्विनांवरचा २००५ साली आलेला प्रसिद्ध फ्रेंच चित्रपट याच वसाहतीत चित्रित झाला आहे. पण माणसांची संख्या वाढली, तशी शेजाऱ्यांची अडचणही वाढली. १९८० च्या दशकात विमाने उतरवण्यासाठी येथे धावपट्टी बांधण्याचे काम निघाले. त्यासाठी लहान बेटे सुरुंगाने फोडून मधला समुद्र बुजवण्यात आला. ज्या खडकांवर पक्ष्यांची घरटी होती, त्यांतले काही खडकच नाहीसे झाले. पर्यावरणाची काळजी करणाऱ्या लोकांनी मोठा विरोध केला. अखेर धावपट्टी तयार झाली. पण १९९४ साली समुद्राच्या प्रचंड लाटेने तिची मोडतोड केली आणि ती वापरात आलीच नाही. खडक गेले ते गेलेच.

सम्राट पेंग्विनांवर आणखी एक संकट आहे आणि ते धावपट्टीपेक्षा मोठे आहे. त्यांची सगळी गृहस्थी गोठलेल्या समुद्रावर असते. पिल्लांना पाण्यात पोहता येण्याजोगी पिसे डिसेंबरच्या सुमारास येतात. त्याआधी बर्फ फुटला, तर पिल्ले बुडून किंवा गारठून मरतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही वर्षे अंटार्क्टिकाच्या या भागात हिवाळे नेहमीपेक्षा उबदार गेले आणि समुद्रावरचा बर्फ कमी झाला. तेवढ्या काळात पॉइंट जिऑलॉजीच्या वसाहतीतील पक्ष्यांची संख्या जवळजवळ निम्मी झाली. २०२२ साली अंटार्क्टिकाच्या दुसऱ्या बाजूला, बेलिंग्सहाउसेन समुद्रात, बर्फ लवकर फुटला. तेथील पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत त्या वर्षी एकही पिल्लू वाचले नसावे, असे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून शास्त्रज्ञांनी सांगितले.

आता तेथे वागण्याचे नियम कडक आहेत. १९९१ साली माद्रिद येथे अनेक देशांनी एक करार केला आणि १९९८ पासून तो अमलात आला. परवान्याशिवाय तेथील प्राण्यांना पकडणे, त्रास देणे किंवा खाऊ घालणे आता चालत नाही. बाहेरचे प्राणी तेथे नेता येत नाहीत. पूर्वी केंद्रांवर घसरगाड्या ओढणारे कुत्रे असत आणि एकटेपणात माणसांना त्यांचा फार लळा लागे. १९९४ च्या एप्रिलपर्यंत सगळ्या कुत्र्यांना तेथून हलवावे लागले, कारण त्यांच्यापासून सीलसारख्या प्राण्यांना रोग होण्याची भीती होती. कुत्र्यांना निरोप देताना कित्येकांचे डोळे भरून आले असतील. तरीही नियम योग्यच होता. आता सोबत हवी असेल, तर ती दुरून, दुर्बिणीतून घ्यायची.

आपल्या देशाचाही या खंडाशी जुना संबंध आहे. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. तिचे प्रमुख होते समुद्रशास्त्रज्ञ डॉ. सय्यद जहूर कासिम. ९ जानेवारी १९८२ रोजी आपले एकवीस जणांचे पथक अंटार्क्टिकावर उतरले. पुढे दक्षिण गंगोत्री हे पहिले केंद्र उभे राहिले आणि १९८४ साली बारा भारतीयांनी तेथे प्रथमच पूर्ण हिवाळा काढला. ते केंद्र बर्फाखाली गाडले जाऊ लागल्याने १९९० साली बंद करावे लागले. आज मैत्री आणि भारती ही आपली दोन केंद्रे आहेत. मैत्री १९८९ साली सुरू झाले, भारती २०१२ साली. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय संस्था या मोहिमांचा कारभार पाहते. इस्रोच्या मंगला मणी यांनी २०१६-१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, भारती केंद्रावर ४०३ दिवस काढले.

मैत्री केंद्र समुद्रापासून बरेच आत, शिर्माकर नावाच्या खडकाळ टेकड्यांमध्ये आहे. तेथे पेंग्विनांची वसाहत नाही. तेथला शेजारी म्हणजे स्कुआ. हा घारीएवढा तपकिरी पक्षी. दिसायला साधा आणि स्वभावाने लुटारू. दुसऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले पळवतो. त्याच्या घरट्याजवळ माणूस गेला, तर डोक्यावर झडप घालायला तो मागेपुढे पाहत नाही. पेंग्विनासारखे त्याचे कोणी लाडाने वर्णन करत नाही. उन्हाळा संपला, की स्कुआ उत्तरेकडे निघून जातो आणि मैत्रीचे आकाश रिकामे होते. मेच्या अखेरीपासून सुमारे दोन महिने तेथे सूर्यच उगवत नाही. केंद्रातली पंचवीसेक माणसे दिव्यांच्या उजेडात दिवस काढतात. भारतातल्या घरांशी आता फोनवर बोलता येते, हे खरे. पण फोन ठेवला, की बाहेर पुन्हा तोच काळोख आणि तोच वारा.

जुलैच्या शेवटी सूर्य परत येतो. दिवस वाढत जातात. आकाशात मात्र अजून कोणी नसते. ऑगस्ट जातो, सप्टेंबर जातो. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एखाद्या दिवशी टेकडीमागून एक तपकिरी ठिपका वर येतो आणि केंद्रावर घिरट्या घालू लागतो. हातातले काम टाकून माणसे बाहेर येतात आणि त्या लुटारूकडे पाहत उभी राहतात. त्याच सुमारास उन्हाळ्यातले पहिले विमानही येते.

शब्दार्थ

एकाकी – एकटा, तनहा
एकसुरी – एकाच प्रकारचे, कंटाळवाणे
दर्यावर्दी – समुद्रावर सफर करणारा, जहाजी
उजाड – ओसाड, वीरान
वसाहत – वस्ती, बस्ती
उबवणे – अंड्याला ऊब देणे
हस्तक्षेप – मध्ये पडणे, दखल
तग धरणे – टिकून राहणे
डल्ला मारणे – चोरी करणे
लळा लागणे – माया जडणे
सुरुंग – खडक फोडण्याची दारू
गृहस्थी – घरसंसार

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अडेली लँड हे नाव कोणाच्या नावावरून पडले?
(आ) पोर मार्तां येथील आगीनंतर किती माणसे मागे राहिली?
(इ) पहिल्या भारतीय मोहिमेचे प्रमुख कोण होते?

२. कारणे लिहा.
(अ) सम्राट पेंग्विन अंडे पायांवर ठेवतो.
(आ) अंटार्क्टिकावरून कुत्र्यांना हलवण्यात आले.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पेंग्विनांचे ‘कासव’ कसे तयार होते आणि ते कसे सरकते?
(आ) पेंग्विन माणसाची समजूत घालत नाही, तरीही त्याची सोबत का वाटते? लेखकाचे म्हणणे तुम्हांला पटते का?

४. वाक्यात उपयोग करा : तग धरणे, लळा लागणे, डल्ला मारणे.

५. तुमच्या घराच्या खिडकीतून किंवा शाळेच्या आवारात रोज दिसणाऱ्या एखाद्या पक्ष्याचे आठ दिवस निरीक्षण करा आणि जे दिसले ते मराठीत लिहा.